प्लगइन लोड होतं, पण होस्ट त्याला ओळखत नाही: एकाच इंटरफेसच्या दोन प्रती

प्लगइन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला (होस्टला) बाहेरून जोडायचं मॉड्यूल, फोल्डरमध्ये आहे. होस्टला ते सापडतं, लोडही होतं, लॉगमध्ये तशी ओळ उमटते. आणि पुढच्याच ओळीत एरर: अमुक क्लासचा ऑब्जेक्ट अमुक क्लासमध्ये कास्ट करता (त्या क्लासचा म्हणून वापरता) येत नाही. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी. सगळं साफ करून पुन्हा बिल्ड केलं की कधी कधी चालतंही, आणि प्रश्न मिटला असं समजून सगळे पुढच्या कामाला लागतात. मग नवं प्लगइन येतं, किंवा जुन्याच प्लगइनमध्ये कोणीतरी एखादी डिपेंडन्सी (लागणारी बाहेरची लायब्ररी) वाढवतं, आणि तीच एरर परत हजर.

मॉड्यूल बाहेरून जोडता येतील अशा सॉफ्टवेअरमध्ये हा बिघाड इतका नेहमीचा आहे की 'प्लगइन चालत नाही' अशी तक्रार कानावर आली की मी सगळ्यात आधी हेच तपासतो. कारण बहुतेक वेळा एकच निघतं. होस्ट आणि प्लगइन ज्या इंटरफेसवर (कुठल्या मेथड हव्यात हे ठरवणाऱ्या करारावर) एकमेकांना भेटतात, त्याच्या दोन प्रती एकाच प्रोसेसमध्ये लोड झालेल्या असतात: एक होस्टची, दुसरी प्लगइनने सोबत आणलेली. रनटाइमच्या (कोड चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी ही एकाच नावाची दोन वेगळी माणसं असतात. तो इंटरफेस आणि त्याच्यासोबतचे टाइप ज्या छोट्या पॅकेजमध्ये असतात, त्याला पुढे मी 'एपीआय पॅकेज' म्हणणार आहे.

बिघाड कसकसा दिसतो

कास्टची एरर हे त्यातलं सगळ्यात प्रामाणिक रूप. जावात क्लासकास्टएक्सेप्शन, डॉटनेटमध्ये इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन. इंटरफेस इम्प्लिमेंट करणारे क्लास (प्रोव्हायडर) शोधून देणारा जावातला सर्व्हिसलोडर वापरत असाल तर तक्रार वेगळ्या शब्दांत येते: हा प्रोव्हायडर सबटाइप नाही. प्लगइन लिहिणारा तिथे चक्रावतो, कारण त्याच्या कोडमध्ये 'इम्प्लिमेंट्स' समोर लिहिलेलं दिसत असतं.

ऑब्जेक्ट अमुक टाइपचा आहे का हे तपासणारे पायथनमधलं आयएसइन्स्टन्स आणि जावास्क्रिप्टमधलं इन्स्टन्सऑफ एवढंही बोलत नाहीत. ते नुसतं फॉल्स देतात, होस्टमधला फिल्टर प्लगइनला मुकाट्याने वगळतो, आणि लॉगमध्ये 'एकही प्लगइन सापडलं नाही' एवढंच उरतं. एक्सेप्शनचंही तसंच. प्लगइन एपीआय पॅकेजमधलंच एक्सेप्शन फेकतं, होस्टमध्ये नेमका त्याच टाइपचा कॅच लिहिलेला असतो, तरी ते तिथून निसटतं आणि सगळं सॉफ्टवेअर बंद पाडतं.

पण सगळ्यात जास्त वेळ खातो तो रजिस्ट्रीचा प्रकार. एपीआय पॅकेजमध्ये एक ग्लोबल यादी असते आणि प्लगइन लोड होताना स्वतःला त्या यादीत नोंदवतं. नोंद होते, एरर येत नाही, डीबगरमध्ये पाहिलं तर यादीत एक वाढलेलाही दिसतो. होस्ट मात्र विचारतो तेव्हा यादी रिकामी. याद्या दोन आहेत. प्लगइनने लिहिलं एकीत, होस्ट वाचतोय दुसरी. इव्हेंट बस, कॉन्फिगरेशन, लॉगरची सेटिंग अशा प्रत्येक ग्लोबल गोष्टीचं हेच होतं. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दोन प्रती एका पानावर आल्या की हुक चुकीच्या ठिकाणी वापरल्याची एरर येते, तिचंही मूळ हेच: हुकची अवस्था एका प्रतीत आणि कंपोनंट रेंडर करणारा कोड दुसऱ्या प्रतीशी बांधलेला.

रनटाइम ओळख कशावरून ठरवतो

जावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये क्लासची ओळख नुसत्या नावाने ठरत नाही. पूर्ण नाव आणि तो क्लास ज्याने घडवला तो क्लासलोडर, ही जोडी म्हणजे ओळख. डॉटनेटमध्ये असेंब्ली (कंपाइल केलेली डीएलएल) कुठल्या असेंब्लीलोडकॉन्टेक्स्टमध्ये (असेंब्ली लोड करण्याच्या कप्प्यात) लोड झाली त्यावर टाइपची ओळख अवलंबून असते. पायथनमध्ये क्लास हाच एक ऑब्जेक्ट आहे. मॉड्यूल दोन वेगळ्या नावांनी इम्पोर्ट झालं की फाइल दोनदा चालते आणि क्लासचे दोन ऑब्जेक्ट तयार होतात. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या रनटाइममध्ये) मॉड्यूलचा कॅशे फाइलच्या पूर्ण पाथवर चालतो, म्हणून तेच पॅकेज दोन फोल्डरमध्ये असेल तर ती दोन मॉड्यूल झाली, व्हर्जन तंतोतंत सारखं असलं तरी.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. या बिघाडात लोक व्हर्जन जुळवत बसतात. व्हर्जन जुळवल्याने दोन प्रती एकसारख्या होतात, एक होत नाहीत.

आधी पुरावा

उपाय करण्याआधी दुसरी प्रत कुठून आली ते डोळ्यांनी पाहा. अंदाजाने डिपेंडन्सी काढत गेलात तर चुकीची काढाल, आणि एरर दुसरं तोंड घेऊन परत येईल.

जावा ११ पासून क्लासकास्टएक्सेप्शनचा मजकूर यासाठी पुरेसा असतो. दोन्ही क्लास कुठल्या मॉड्यूलमधले आणि कुठल्या लोडरचे हे त्यात लिहिलेलं असतं. एकीकडे 'अ‍ॅप' लोडर आणि दुसरीकडे यूआरएलक्लासलोडर दिसला की निदान झालं. बहुतेक जण पहिली अर्धी ओळ वाचतात आणि कंसातला भाग सोडून देतात. या बाबतीत सगळं उत्तर त्या कंसातच आहे. जुन्या जावावर असाल, किंवा एररच येत नसेल, तर प्लगइनच्या ऑब्जेक्टच्या क्लासचे इंटरफेस घ्या, त्यातल्या प्रत्येकाचा लोडर छापा, शेजारी होस्टच्या इंटरफेसचा लोडर छापा. क्लास नेमका कुठल्या जारमधून (जावाच्या पॅकेज फाइलमधून) उचलला हे पाहायला व्हर्बोज-क्लास हा पर्याय आहेच. जावा ९ पासून तेच काम एक्सलॉगच्या क्लास-लोड टॅगने होतं.

डॉटनेटमध्ये टाइपच्या असेंब्लीचं लोकेशन आणि तिचा लोडकॉन्टेक्स्ट दोन्ही बाजूंसाठी लॉग करा. लोकेशन प्लगइनच्या फोल्डरमधलं निघालं की चोर सापडला. एक सापळा मात्र लक्षात असू द्या: डॉटनेट कोअर आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत असेंब्लीच्या लोडफाइल मेथडने लोड केलं तर प्रत्येक पाथसाठी वेगळा कॉन्टेक्स्ट तयार होतो. स्वतःचा लोडकॉन्टेक्स्ट न लिहिताही वेगळेपण तिथून शिरतं.

पायथनमध्ये माझा आवडता उपाय अगदी साधा आहे. सिस-मॉड्यूल्समधली सगळी मॉड्यूल घ्या, प्रत्येकाचा फाइलपाथ काढा, आणि एकच पाथ दोन नावांखाली येतोय का ते पाहा. आला तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक, सिस-पाथमध्ये (मॉड्यूल शोधायच्या फोल्डरच्या यादीत) प्रोजेक्टचा मूळ फोल्डरही आहे आणि त्याच्या आतला पॅकेजचा फोल्डरही आहे. मग होस्ट 'अ‍ॅप डॉट बेस' इम्पोर्ट करतो, प्लगइन नुसतं 'बेस' इम्पोर्ट करतं, आणि दोन्ही चालतात. दोन, बेस क्लास सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. स्क्रिप्ट चालवली की तिचं मॉड्यूल 'मेन' या खास नावाने नोंदलं जातं; प्लगइनने तीच फाइल तिच्या खऱ्या नावाने इम्पोर्ट केली की ती दुसऱ्यांदा चालते.

नोडमध्ये एनपीएमची (पॅकेज मॅनेजरची) 'एलएस' कमांड पॅकेजच्या नावासकट चालवा. ते पॅकेज झाडात किती ठिकाणी बसलं आहे ते दिसतं. त्याहून पक्का पुरावा म्हणजे रिझॉल्व्ह फंक्शनला होस्टचा फोल्डर देऊन एकदा आणि प्लगइनचा फोल्डर देऊन एकदा विचारणं. दोन वेगळे पाथ आले की पुढे काही शोधायला नको. पाथ सारखेच दिसत असतील तर अक्षरांची लहानमोठी लिपी तपासा: ज्या फाइलसिस्टिमला तो फरक कळत नाही तिथेही नोडचा कॅशे त्यांना दोन वेगळ्या फाइली मानतो. आणि एकच पॅकेज इकडे इम्पोर्टने व तिकडे रिक्वायरने घेतलं असेल, त्या पॅकेजने दोन्हींसाठी वेगळ्या फाइली दिल्या असतील, तरी प्रती दोन होतात.

उपाय: एपीआय पॅकेज होस्टचं, आणि फक्त होस्टचं

प्लगइनने एपीआय पॅकेज कंपाइल करताना वापरावं, सोबत बांधून आणू नये. प्रत्येक इकोसिस्टिममध्ये यासाठी सोय आहे. मेव्हनमध्ये 'प्रोव्हायडेड' स्कोप, ग्रेडलमध्ये 'कंपाइलओन्ली'. डॉटनेटमध्ये प्रोजेक्ट रेफरन्सवर 'प्रायव्हेट' फॉल्स करायचं आणि पॅकेज रेफरन्स असेल तर 'एक्सक्लूडअ‍ॅसेट्स'मध्ये रनटाइम टाकायचं. नोडमध्ये 'पीअर डिपेंडन्सी' (जी होस्टने पुरवायची असते), आणि स्वतःच्या टेस्टसाठी हवं म्हणून तेच 'डेव्ह डिपेंडन्सी'मध्येही. बंडलर (सगळा कोड एकत्र बांधणारं साधन) वापरत असाल तर त्याला हे पॅकेज एक्स्टर्नल आहे हे वेगळं सांगावं लागतं, पीअर लिहिलं म्हणून प्रत्येक बंडलर ते आपणहून सोडत नाही. पायथनमध्ये बेस क्लास वेगळ्या, रीतसर इन्स्टॉल होणाऱ्या पॅकेजमध्ये ठेवा आणि दोन्ही बाजूंनी एकाच पूर्ण नावाने इम्पोर्ट करा. सिस-पाथमध्ये हाताने फोल्डर घुसवणं बंद करा.

फॅट जार (सगळ्या डिपेंडन्सी पोटात घेतलेला जार) करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. रीलोकेशन (सोबत घेतलेल्या पॅकेजची नावं बदलणं) चालू असेल आणि त्याच्या पॅटर्नमध्ये एपीआय पॅकेजचं नाव बसत असेल, तर प्लगइन चक्क वेगळ्याच नावाचा इंटरफेस इम्प्लिमेंट करू लागतं. तिथे निदान नावात फरक दिसतो, एवढाच दिलासा.

पण हे सगळं प्लगइन लिहिणाऱ्याच्या हातात आहे, आणि प्लगइन लिहिणारे बाहेरचे असतात. कोणीतरी विसरणारच. म्हणून माझ्या मते खरी दुरुस्ती होस्टच्या लोडरमध्ये व्हायला हवी.

जावात नेहमीचा क्लासलोडर आधी पालकाला विचारतो, त्यामुळे प्लगइनने प्रत आणली तरी होस्टचीच वापरली जाते. अडचण सुरू होते ती प्लगइनना लायब्ररीच्या स्वतःच्या आवृत्त्या वापरता याव्यात म्हणून हा क्रम कोणी उलटवतो तेव्हा: आधी प्लगइनचं, मग पालकाचं. गरज खरी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण क्रम उलटवताना अपवादांची यादी हवीच. लोडक्लास मेथडमध्ये नाव एपीआय पॅकेजच्या प्रीफिक्सने सुरू होत असेल तर सरळ पालकाकडे पाठवा, प्लगइनच्या जारमध्ये पाहूच नका. जावाचे स्वतःचे क्लास आणि, होस्ट लॉगिंगचा इंटरफेस देत असेल तर, तोही याच यादीत.

सर्व्हिसलोडरशी निगडित एक उपप्रश्न याच वेळी डोकं वर काढतो. प्लगइनचा लोडर देऊन प्रोव्हायडर शोधले तर पालकाला दिसणारे प्रोव्हायडरही यादीत येतात, म्हणजे होस्टमध्ये अंगभूत असलेले प्लगइन प्रत्येक नव्या लोडरबरोबर पुन्हा नोंदले जातात. प्रोव्हायडरच्या क्लासचा लोडर आपलाच आहे का हे तपासून बाकीचे गाळा.

डॉटनेटमध्ये हीच यादी लोडकॉन्टेक्स्टच्या 'लोड' मेथडमध्ये बसते. असेंब्लीचं नाव सामायिक यादीत असेल तर सगळ्यात आधी नल परत करा. मग रनटाइम डीफॉल्ट कॉन्टेक्स्टकडे जातो. डॉटनेट कोअर ३.० मध्ये आलेला असेंब्लीडिपेंडन्सीरिझॉल्व्हर आधी विचारला आणि प्लगइनच्या फोल्डरमध्ये एपीआयची डीएलएल पडलेली असली, तर तो तिचाच पाथ देणार. यादीची तपासणी त्याच्या वरच्या ओळीत असायला हवी, खालच्या नाही.

इंटरफेसमधून डोकावणारे परके टाइप

आता जो भाग सर्वाधिक वेळा राहून जातो तो. एपीआय पॅकेज एकच लोड होतंय, पुरावाही आहे, तरी एरर आहेच. फक्त आता ती दुसऱ्याच लायब्ररीच्या क्लासवर आहे.

समजा तुमच्या इंटरफेसमधली एक मेथड जेसन लायब्ररीचा नोड टाइप परत करते. होस्टच्या बाजूने त्या मेथडचा अर्थ आहे 'होस्टच्या जेसन लायब्ररीचा नोड'. प्लगइन स्वतःच्या जेसन लायब्ररीचा नोड परत करतं. इंटरफेस एक, पण त्याच्या मेथडच्या सहीतला (सिग्नेचरमधला) टाइप दोन. जावात कधी कधी यावर लोडर कन्स्ट्रेंट मोडल्याची लिंकेजएरर येते, आणि ती अशा ओळीवर येते की जिथे वाचणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही.

म्हणजे सामायिक यादीत नुसतं एपीआय पॅकेज पुरत नाही. त्याच्या सार्वजनिक मेथडच्या सहीत, एक्सेप्शनमध्ये, बेस क्लासमध्ये, फील्डमध्ये जे जे टाइप दिसतात ते सगळे सामायिक व्हायला हवेत, आणि त्या टाइपच्या सहीत जे दिसतात तेही. एक लायब्ररी ओढली की तिच्यामागे चार येतात. त्यातली एखादी प्लगइनला वेगळ्या आवृत्तीची हवी असते, आणि ज्या वेगळेपणासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं जातं.

यावर मी एकच भूमिका घेत आलोय: एपीआय पॅकेजच्या सहीत बाहेरचा एकही टाइप येऊ द्यायचा नाही. भाषेचे स्वतःचे टाइप, आणि एपीआय पॅकेजमध्येच लिहिलेले छोटे इंटरफेस व डेटा क्लास. जेसन द्यायचं असेल तर स्ट्रिंग किंवा बाइट द्या. तारीख द्यायची असेल तर भाषेच्या मानक लायब्ररीतली द्या. लॉगर द्यायचा असेल तर चार मेथडचा स्वतःचा इंटरफेस लिहा आणि होस्टमध्ये तो खऱ्या लॉगरला जोडा. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं. पण होस्टची जेसन लायब्ररी बदलायची वेळ येते तेव्हा एकाही प्लगइनला हात लावावा लागत नाही, आणि हा बिघाड त्या वाटेने पुन्हा येत नाही.

होस्टने दारातच अडवावं

आयएसइन्स्टन्स फॉल्स आलं म्हणून प्लगइन गुपचूप टाकून देणारा होस्ट हा या प्रश्नाचा अर्धा भाग आहे. प्लगइन घेताना होस्टने दोन तपासण्या कराव्यात: ओळख जुळते का, आणि जुळत नसेल तर नाव जुळतं का. ओळख नाही पण नाव जुळलं, तर ही दुसऱ्या प्रतीची खात्रीची खूण आहे, आणि एररमध्ये तसं स्पष्ट लिहा: 'हे प्लगइन अमुक इंटरफेस इम्प्लिमेंट करतं, पण तो या पाथवरून लोड झाला आहे, होस्टचा त्या पाथवरून आला आहे, प्लगइनच्या पॅकेजमधून एपीआय पॅकेज काढा.' ग्राफक्यूएलची जावास्क्रिप्ट लायब्ररी असंच करते. स्कीमाचा ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रतीतला निघाला की ती सरळ सांगते की हा ऑब्जेक्ट दुसऱ्या मॉड्यूलमधला आहे आणि लायब्ररीची एकच प्रत ठेवा. एवढी एक एरर नीट लिहिली की प्लगइन लिहिणारा तुम्हाला विचारायला येतच नाही.

इथेच एक पळवाटही सुचते. ओळख सोडा, नाव जुळलं की घ्या. किंवा हवी ती मेथड आहे का एवढंच पाहा. पायथनमध्ये ३.८ पासून प्रोटोकॉल टाइप आहेत, जावास्क्रिप्टमध्ये सिम्बॉलची ग्लोबल नोंदवही आहे, आणि त्यांच्या आधारे हे शिस्तीत करता येतं. प्लगइन म्हणजे दोन-तीन मेथडचा साधा ऑब्जेक्ट असेल तर मीही तेच सुचवेन. पण एपीआय पॅकेजमध्ये रजिस्ट्री, एक्सेप्शन किंवा कुठलीही ग्लोबल अवस्था असेल तर ही पळवाट एरर लपवते आणि वर सांगितलेला रिकाम्या यादीचा प्रकार तसाच ठेवते. आणि जावा किंवा डॉटनेटमध्ये रिफ्लेक्शनने मेथड हाक मारून काम उरकू नका. तिथे कंपायलरचा आधार जातो, आणि इंटरफेस बदलला की बिघाड ग्राहकाच्या मशीनवर कळतो.

आवृत्तीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची तपासणीही वेगळी ठेवा. प्लगइनच्या मॅनिफेस्टमध्ये 'किमान एवढी एपीआय आवृत्ती हवी' अशी नोंद असावी, आणि होस्टने प्लगइनचा कोड चालवण्याआधी ती वाचावी. प्रत एकच असूनही मेथड सापडत नाही अशी एरर आली, तर तो आवृत्तीचा बिघाड. त्यासाठी वरचं काहीही करू नका.

सुरू होताना चालतं, मग बंद पडतं

जावात याच कुळातला एक बिघाड वेळेवर अवलंबून असतो. सर्व्हिसलोडरला लोडर न देता हाक मारली तर तो चालू थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर वापरतो. सुरुवातीला मुख्य थ्रेडवर तो बरोबर असतो; नंतर तेच काम पार्श्वभूमीच्या थ्रेडवर गेलं की प्रोव्हायडर सापडत नाहीत. जावा ९ पासून सामायिक फोर्क-जॉइन पूलच्या थ्रेडना सिस्टिम क्लासलोडर मिळतो, त्यामुळे पॅरलल स्ट्रीम किंवा कंप्लीटेबलफ्यूचर वापरलं की हे हटकून दिसतं. लोडर नेहमी स्वतः द्या. प्लगइनमधली एखादी लायब्ररी आतून असं करत असेल तर प्लगइनला हाक मारण्याआधी थ्रेडचा कॉन्टेक्स्ट लोडर प्लगइनचा करा आणि फायनली ब्लॉकमध्ये परत जुना ठेवा.

दुसरा प्रकार रीलोडचा. पायथनमध्ये मॉड्यूल रीलोड केलं की नव्या क्लासचा ऑब्जेक्ट तयार होतो, पण आधीच बनलेले इन्स्टन्स जुन्या क्लासलाच धरून राहतात. ज्यांनी 'फ्रॉम' लिहून क्लास इम्पोर्ट केला होता त्यांच्याकडेही जुनाच राहतो. म्हणून प्लगइनचं मॉड्यूल रीलोड करा, एपीआय पॅकेज कधीच नाही. जावात जुना लोडर आणि डॉटनेटमध्ये जुना कॉन्टेक्स्ट तेव्हाच मोकळा होतो जेव्हा त्यातल्या कशालाच कोणी धरून नसतं. होस्टच्या यादीत राहिलेला एखादा लिसनर, थ्रेडलोकलमध्ये अडकलेली व्हॅल्यू, प्लगइनने सुरू करून न थांबवलेला थ्रेड, यातलं एकही पुरतं. डॉटनेटमध्ये अनलोड मागितल्यावर वीकरेफरन्सने कॉन्टेक्स्ट अजून जिवंत आहे का ते पाहता येतं. जावात हीप डंप घेऊन जुन्या लोडरपर्यंतची साखळी शोधावी लागते. यासाठी प्लगइनच्या इंटरफेसमध्ये 'थांबा' सांगणारी मेथड पहिल्या आवृत्तीपासून असायला हवी. मागाहून घातली तर जुनी प्लगइन ती मनापासून पाळत नाहीत, रिकामी ठेवतात.

सी प्लस प्लसमध्ये

इथे क्लासलोडर नाहीत, पण दुखणं तेच. एखादी स्टॅटिक लायब्ररी होस्टमध्येही लिंक केली आणि प्लगइनच्या शेअर्ड लायब्ररीतही लिंक केली, की तिच्या ग्लोबल व्हेरिएबलच्या दोन प्रती होऊ शकतात. विंडोजवर त्या होतातच. लिनक्सवर सिम्बॉल दिसतात की लपवलेले आहेत त्यावर ठरतं. सिम्बॉल लपवून आणि प्लगइन 'लोकल' पद्धतीने उघडून टाइपची माहितीही दोन ठिकाणी राहिली, तर डायनॅमिक-कास्ट नल देऊ शकतं आणि कॅच एक्सेप्शन पकडत नाही. काही मानक लायब्ररी टाइपची तुलना पत्त्यावरून करतात तर काही नावावरून, म्हणून तोच कोड एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही.

उपाय: सामायिक कोड वेगळ्या शेअर्ड लायब्ररीत काढा आणि दोघांनी तिच्याशी लिंक व्हा, सीमेवरच्या क्लासचे सिम्बॉल उघडे ठेवा. त्याहून टिकाऊ म्हणजे सीमेवर साधी सी भाषेची फंक्शन आणि स्ट्रक्ट ठेवणं, आणि एक्सेप्शन सीमेपलीकडे जाऊच न देणं. मेमरी ज्याने घेतली त्यानेच सोडायची हा नियमही तिथेच पाळा. विंडोजवर रनटाइम लायब्ररी स्टॅटिक लिंक केली असेल तर प्रत्येक डीएलएलचा हीप वेगळा असतो, आणि एकाची मेमरी दुसऱ्याने सोडली की प्रोसेस कोसळते.

पुन्हा पुन्हा का येतो

कारण डेव्हलपमेंटच्या वातावरणात तो दिसतच नाही. आयडीईमध्ये होस्ट आणि प्लगइन एकाच क्लासपाथवर चालतात, टेस्टमध्येही तसंच. प्रत एकच असते आणि सगळं हिरवं दिसतं. नोडमध्ये उलट घडतं: एनपीएमच्या 'लिंक' कमांडने जोडलेलं प्लगइन त्याच्या खऱ्या फोल्डरवरून रिझॉल्व्ह होतं, तिथल्या स्वतःच्या नोड-मॉड्यूल्समधलं एपीआय पॅकेज उचलतं, आणि जे रीतसर इन्स्टॉल केल्यावर चाललं असतं ते इथे पडतं. त्यावर कोणीतरी घाईने पीअर डिपेंडन्सी साधी करून टाकतं, आणि बिघाड खरोखरच पॅकेजमध्ये जाऊन बसतो.

म्हणून टेस्ट खऱ्या मांडणीवर हवी. प्लगइन ज्या रूपात लोकांना मिळणार त्या रूपात पॅक करा, रिकाम्या फोल्डरमध्ये टाका, पॅक केलेला होस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू करा आणि प्लगइनकडून एक खरं काम करून घ्या. लोड झालं एवढ्यावर थांबू नका. इंटरफेसची मेथड बोलवा, प्लगइनला एपीआयमधलं एक्सेप्शन फेकायला लावा आणि होस्टने ते पकडलं का ते पाहा. प्लगइनसाठी बिल्ड टेम्प्लेट देत असाल तर त्यातच एक पायरी ठेवा जी तयार जार किंवा झिप उघडून एपीआय पॅकेजचं नाव शोधते आणि सापडलं तर बिल्ड पाडते.

होस्टच्या टेस्टमध्ये मात्र याच्या उलट एक प्लगइन कायम ठेवा: एपीआय पॅकेजची प्रत मुद्दाम पोटात घेऊन आलेलं. होस्टच्या लोडरमध्ये अपवादांची यादी असेल तर ते बिनतक्रार चाललं पाहिजे. नसेल तर दोन्ही पाथ दाखवणारी एरर देऊन होस्टने ते नाकारलं पाहिजे. लोडरच्या कोडमध्ये कोणी काहीही बदललं की हीच टेस्ट सगळ्यात आधी चालवायची.